शिडीवरचा माणूस

फोटोच्या पाठीवर पेन्सिलीनं एवढंच:
"आपलं. छप्पर उतरवायच्या आधीचं."
गावाचं नाव नाही, साल नाही.
बहीण गेल्यावर तिच्या बिस्किटांच्या डब्यात सापडला,
बटणं, रेशनची कार्डं आणि एका दुधाच्या दाताखाली.

चौतीस वर्षं मी नॉरफोकच्या या दलदलीत टपाल वाटलं,
आधी सायकलवरून, मग लाल गाडीतून.
वाटलं, एक चर्च ओळखायचं तर आहे;
अर्धवट पत्त्याची पत्रंसुद्धा पोचवलीच की.

मग बघायला शिकलो.
मनोरा गोल, कारण इकडे कोपऱ्याला लावायला दगडच नाही,
नांगराला लागतात त्या मुठीएवढ्या गारगोट्या,
त्यांना कोपरा जमत नाही.
(इकडची माणसंही तशीच, आई म्हणायची,
कुठूनही धरा, टोक हाती लागत नाही.)
दफनभूमी रस्त्यापेक्षा किती वर आली आहे ते बघायचं:
आठशे वर्षं माणसं पुरत गेलं
की जमीन पावाच्या पिठासारखी फुगते.

फोटोत मनोरा उजवीकडे, म्हणजे द्वारमंडप उत्तरेला.
तसली चर्चं थोडी. यादी केली, एकोणीस.
भिंतीवर मात्र लख्ख ऊन होतं.
उत्तरेच्या भिंतीवर? खटकलं.
जूनची संध्याकाळ असेल, म्हणालो, आणि पुढे गेलो.

लिटल ऑर्मिंगची किल्ली जिरेनियमच्या कुंडीत.
वेस्ट हॅडलची पाववाल्याकडे, तो बुधवारी बंद.
एका ठिकाणी फळ्यावर स्तोत्रांचे आकडे अजून तसेच,
खाली वटवाघळांची लेंडकी,
आणि पाहुण्यांच्या वहीत माझ्याआधीचा पाहुणा
मीच, दोन वर्षांपूर्वीचा.

थॉर्प सॅलोची किल्ली डॉर्कस थर्टल सांभाळते.
वय शहाऐंशी, उमेद नॉरिचच्या शिंप्याकडे कोट शिवण्यात गेली.
तिनं मनोरा पाहिला नाही, कमान पाहिली नाही.
शिडीवरच्या माणसावर नख ठेवून म्हणाली,
"याची बटणं बायकी बाजूला आहेत.
असा कोट माझ्या हातून सुटला नसता."
आणि मला मोरीवरच्या आरशासमोर नेऊन उभं केलं.

आरशात मनोरा डावीकडे गेला.
द्वारमंडप दक्षिणेला. ऊन आपल्या जागी.
मागचं शेत नदीकडे उतरलं,
आणि तो उतार माझ्या पायांनी ओळखला.

गॅरडच्या शेताच्या कडेला आयव्हीचा एक ढिगारा आहे.
जुनी भट्टी असावी, असं मी धरून चाललो होतो.
रविवार सोडून रोज तिथे सायकल वळवली,
त्याच्या आडोशाला डबा खाल्ला,
आणि खोटं कशाला बोलू, लघवीही केली.

दुसऱ्या दिवशी विळा घेऊन गेलो. खाजकुयल्या कमरेएवढ्या.
वेल ओढली तशा गारगोट्या दिसल्या, ओल्या, काळ्याभोर.
छातीच्या उंचीवर एका दगडात बोटाएवढं भोक,
त्यातून फुटलेल्या रेघा, प्रार्थनेची वेळ सांगणाऱ्या.
भोकात काडी खोचली.
आभाळ भरलेलं होतं, वेळ काही कळली नाही.

बाप्तिस्म्याचं कुंड गॅरडच्या गोठ्यात निघालं, अष्टकोनी.
तळाचं भोक चिंधीनं बुजवलेलं, कालवडी पाणी पिताहेत.
"आज्यानं सहा शिलिंगांना आणलं," तो म्हणाला. "गळत नाही."
नोंदवहीतल्या शेवटच्या बाळाचं आडनाव
आईच्या माहेरचं असू शकेल.
शाई पसरली आहे. मी शपथ घेणार नाही.

फोटो सुलट छापून घेतला,
मागे पेन्सिलीनंच गावाचं नाव घातलं.
आता कोटाची बटणं बरोबर आहेत,
चेहरा मात्र टोपीच्या सावलीत होता तिथेच.
आणि अगदी कडेला, शिडीच्या पायथ्याशी,
कुणाचा तरी एक बूट,
खालच्या पायरीवर दाबून धरलेला.